मंद वाऱ्यासाठी एकच शीड घ्यायचं तर कोणतं? (२६ फुटी बोट, दोन माणसं)

भरतीओहोटी
मंडळी, नमस्कार. बोट २६ फुटी, जुन्या घडणीची, मास्टहेड रिग (पुढची शिडं डोलकाठीच्या टोकापर्यंत जातात). रिकामी २.२ टन; पाणी, इंधन, सामान भरून २.६ टन. मेनसेल (डोलकाठीमागचं मुख्य शीड) १२ चौरस मीटर. डोलकाठी आणि बोटीचं पुढचं टोक यांमधल्या पुढच्या त्रिकोणाची उंची ९.५ मीटर, पाया ३ मीटर. फर्लरवर (शीड गुंडाळणाऱ्या फिरत्या नळीवर) जाड डॅक्रॉनचा (पॉलिएस्टर कापडाचा) १३० टक्के जिनोआ, म्हणजे त्या त्रिकोणाहून मोठं पुढचं शीड. छोटं डिझेल इंजिन, टाकी ४० लिटरची. बोटीवर आम्ही दोघंच असतो आणि रात्री एक जण झोपलेला असतो, म्हणजे कामाला एकच माणूस.

वारा ८ नॉटच्या वर असला की बोट सुरेख चालते. ४ ते ७ नॉटमध्ये मात्र हाल होतात. त्यात वारा मागून आणि खाली जुनी लाट असली की जिनोआ भरतो, कोसळतो, परत भरतो, आणि दर वेळी डोलकाठीला हादरा बसतो. शेवटी कोणीतरी वैतागून इंजिन लावतं. लांबच्या प्रवासात असे दिवस पुष्कळ येतात आणि ते इंजिनाच्या आवाजात घालवायची माझी इच्छा नाही.

एकच नवीन शीड परवडणार आहे. कोड झिरो (मोठं, सपाट, गुंडाळता येणारं), स्नफरसकट (शीड झाकून आवरणारी नळी) असिमेट्रिक स्पिनेकर (मोठं, फुगीर, नायलॉनचं), की जुन्या पद्धतीचा ड्रिफ्टर (हलक्या कापडाचा जिनोआ)? माझा कल ड्रिफ्टरकडे आहे, कारण तिघांत तो सगळ्यात साधा. मत बदलायची तयारी आहे, पण कारण पटवून द्या.

उनाडवारा
वाचतोय. आमची २४ फुटी आहे, दुखणं हेच.

गलबत
असिमेट्रिक. पुढचा धागा कोणता? :)

सुकाणू
भरतीताई, शिडाआधी वाऱ्याचा कोन ठरवू. आणि तोही खऱ्या वाऱ्याचा नाही, चालत्या बोटीवर जाणवणाऱ्या वाऱ्याचा.

समजा ६ नॉट वारा थेट मागून आहे आणि बोट अडीच नॉटने चालली आहे. शिडाला मिळतो फक्त साडेतीन नॉट. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ६ नॉटच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश जोर उरतो. जाड डॅक्रॉन तेवढ्यात स्वतःचंच वजन पेलत नाही. तोच ६ नॉट वारा आडवा घेतला आणि बोटीने ४ नॉट धरले, की जाणवणारा वारा ७.२ नॉट होतो आणि नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) साधारण ५६ अंशांवर सरकतो. दाब चौपटीहून जास्त.

म्हणून मंद वाऱ्यात थेट पाठवारा घेऊन जाणं हा सगळ्यात वाईट मार्ग. मोठ्या हलक्या शिडाने खरा वारा १४० अंशांवर ठेवून नागमोडी जा. बोट साडेतीन नॉटने चालली तर जाणवणारा वारा ४ नॉट असतो, पण येतो १०६ अंशांवरून. अंतर ३० टक्क्यांनी वाढतं, तरी मुक्कामाच्या दिशेने वेग पावणेतीन नॉटच्या जवळपास पडतो, म्हणजे सरळ जाण्यापेक्षा थोडा जास्तच. आणि बोट एका कुशीवर टेकून राहते, डोलत नाही. झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने हे फार मोठं आहे.

तुमचे मंद वाऱ्याचे दिवस या कोनांत कसे वाटले जातात, ते एकदा लॉगबुक काढून बघा. तिथेच अर्धं उत्तर आहे.

तांडेल
शिडाआधी बूड बघा. मंद वाऱ्यात बोटीला अडवतं ते मुख्यतः बुडाचं पाण्याशी होणारं घर्षण. लाटा उठवण्यात शक्ती जाते ती वेग वाढल्यावर. बुडावर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर असेल तर कितीही मोठं शीड लावा, अर्धा फायदा पाण्यात गेला. इंजिनाचा पंखा कोणता आहे? तीन पात्यांचा न मिटणारा असेल तर तो सतत ब्रेक लावल्यासारखा असतो. मिटणारा पंखा हेसुद्धा मंद वाऱ्याचं शीडच समजा.

दुसरं वजन. तुमचेच आकडे घेतो. मेनसेल अधिक पुढचा त्रिकोण मिळून सव्वासव्वीस चौरस मीटर. शिडाचं क्षेत्रफळ आणि वजन यांचं गुणोत्तर काढलं तर रिकाम्या बोटीला ते १५.७ च्या आसपास येतं, भरलेलीला १४. चपळ बोटींचं २० च्या वर असतं. ४०० किलो सामानाने तुमची बरी चालणारी बोट जड बोट झाली. त्यातलं किती सामान खरंच लागतं, हे आधी बघा.

भरतीओहोटी
तांडेलकाका, बूड याच हंगामात घासून रंगवलंय. पंखा दोन पात्यांचा, न मिटणारा. सामानाचं मान्य, त्यावर घरात चर्चा चालू आहे.

तांडेल
दोन पात्यांचा असेल तर इंजिन बंद केल्यावर पाती कीलच्या (बुडाखालच्या कण्याच्या) आडोशाला उभी राहतील अशी फिरवून तिथेच अडकवा. शाफ्टवर रंगाची खूण करून ठेवली की आतूनच कळतं. मात्र हे लांब कीलच्या बोटीलाच लागू. पंखा मोकळ्या पाण्यात असेल तर मिटणाराच घ्यावा लागेल.

वल्हवा
वेगळं मत मांडतो. ५ नॉटच्या खाली इंजिन लावण्यात कमीपणा कसला? छोटं डिझेल तासाला सव्वा लिटर खातं. ४० लिटरमध्ये बत्तीस तास, साडेचार नॉटने जवळजवळ दीडशे सागरी मैल. एवढ्यासाठी आणखी एक शीड, त्याची पिशवी, त्याचे दोर, हे सगळं २६ फुटांत ठेवायचं कुठे?

एकटाखलाशी
वल्हवा, दीडशे मैल बरोबर, पण पुढचा बंदर सहाशे मैलांवर असेल तर? आणि ती टाकी बंदरात शिरताना लागणारी आहे. मंद वाऱ्याच्या पहिल्याच दिवशी ती संपवायची नसते. वारा पडला की सगळेच इंजिन लावतात आणि मग इंजिन बिघडतं तेही तेव्हाच.

लिन आणि लॅरी पार्डी यांनी 'सेराफिन' या २४ फूट ४ इंची बोटीतून इंजिनाशिवाय जग पालथं घातलं. तुमच्या बोटीपेक्षा ती लहान.

वल्हवा
पार्डींकडे वेळही होता हो. :) पण मुद्दा पोचला. बंदरासाठी इंधन राखायचं, हे पटलं.

निळाई
मी शिडं शिवते, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट कापड. तुमच्या जिनोआचं डॅक्रॉन ७ औंसाचं असेल तर चौरस मीटरला ३०० ग्रॅम झालं. वर मागच्या कडेला उन्हापासून बचावाची पट्टी शिवलेली असते. नेमकी तीच कडा मंद वाऱ्यात उचलली जायला हवी असते आणि तीच सगळ्यात जड असते. पाऊण औंसाचं स्पिनेकर नायलॉन तयार शिडात चौरस मीटरला ४० ग्रॅमच्या आसपास भरतं. हा सातपट फरक. लाटेवर बोट डोलली तरी नायलॉन हवेत तरंगत राहतं, डॅक्रॉन आपटतं. तुमचं दुखणं आधी वजनाचं आहे, क्षेत्रफळाचं नंतर.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळ. तुमच्या मापांवरून सध्याचा जिनोआ साडेअठरा चौरस मीटर. १५५ टक्के ड्रिफ्टर बावीस. प्रवासी बोटीचा कोड झिरो २७-२८. असिमेट्रिक ४२ ते ४५.

तिसरी गोष्ट कोड झिरोबद्दल, कारण त्याच्याविषयी गैरसमज फार. १९९७-९८ च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत पॉल कॅयार्डच्या 'ईएफ लँग्वेज'ने हे शीड गाजवलं आणि ती शर्यत जिंकलीही. त्याचा आकार आला नियमातून. शिडाचा मधला घेर (अर्ध्या उंचीवरची रुंदी) पायाच्या ७५ टक्के असेल तर ते मोजमापात स्पिनेकर ठरतं, जिनोआ नाही. म्हणून वाऱ्यावर चढणारा जिनोआच, पण मध्ये मुद्दाम रुंद केलेला. त्या जादा रुंदीमुळे मागची कडा फडफडते आणि शीड नीट गुंडाळलं जात नाही. तुम्ही शर्यतीत उतरणार नसाल तर तो नियम पाळायचं काही कारण नाही. मधला घेर ५५ ते ६० टक्क्यांवर ठेवलेलं शीड सपाट बसतं, शांत राहतं आणि घट्ट गुंडाळलं जातं. विक्रेत्याकडे नावापेक्षा मधला घेर विचारा.

गलबत
निळाईताई, सुंदर. म्हणजे असिमेट्रिकच ना? ४५ विरुद्ध २२, दुप्पट!

निळाई
दुप्पट आहे, पण अर्ध्याच कोनांत. जाणवणारा वारा नाळेपासून ७० अंशांहून जास्त कोनावर असेल तेव्हाच असिमेट्रिक खुलतं. त्याहून कमी कोनावर आणलात तर पुढची कडा कोसळते. सपाट ड्रिफ्टर ४० अंशांपासून चालतो, आणि वारा मागे गेला की काठी लावून बाहेर काढता येतो. सुकाणू यांनी वर दाखवलेलं गणित इथे लागू पडतं: आडव्या वाऱ्यात जाणवणारा वारा ५६ अंशांवर येतो. तिथे असिमेट्रिक पिशवीतच राहील.

जलतरंग
अवांतर: स्टिअरिंग कोण करणार? आमच्याकडे विंडवेन (वाऱ्याच्या जोरावर आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) आहे. ते जाणवणाऱ्या वाऱ्यावर चालतं. पाठवाऱ्यात ३ नॉट उरले की त्याच्या पात्यात जीवच राहत नाही. शिवाय हलकं मोठं शीड लावल्यावर झुळूक आली की बोट एकदम वेग घेते, जाणवणारा वारा पुढे सरकतो आणि वेन बोटीला त्याच्या मागे मागे नेतं. झुळूक गेली की परत उलट. मागे सापासारखी रेघ उमटते. अशा वेळी टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) छोटा विजेचा पायलट जोडून कंपासवर चालवणं बरं.

सुकाणू
+१. आणि पायलटला वाऱ्याचा सेन्सर जोडता येत असेल तरी ५ नॉटखाली कंपासच बरा.

एकटाखलाशी
आता शीड उतरवण्याविषयी. चढवणं कोणालाही जमतं. मी एकटाच जातो, म्हणून उतरवता येईल तेच शीड माझं. रात्री ढगाखालून अचानक १८ नॉट आले तर डेकवर एकटं माणूस काय करणार, हा प्रश्न तिन्ही शिडांना विचारा.

असिमेट्रिक: बोट वाऱ्याकडे पाठ करून वळवायची, म्हणजे शीड मेनसेलच्या सावलीत जातं. शीट (शीड ओढून धरणारी दोरी) मोकळी सोडायची आणि स्नफर खाली ओढायचा. शीट न सोडता स्नफर ओढू लागलात तर तो हलणार नाही, दोरच हात सोलून काढेल. स्नफरच्या दोऱ्या एकमेकींना पीळ घालणार नाहीत याची तपासणी चढवण्याआधी, डेकवर. शीड फॉरस्टेला (डोलकाठीपासून नाळेपर्यंतच्या तारेला) गुंडाळलं गेलं तर सोडवायला फार वेळ जातो, म्हणून मागे जिनोआ गुंडाळलेला आणि घट्ट बांधलेला हवा.

कोड झिरो: सततच्या (टोकं जोडलेल्या) दोरीच्या फर्लरवर गुंडाळता येतो, कॉकपिटमधून. पण गुंडाळलेला असला तरी रात्रभर वर ठेवू नका. वारा वाढला की मधूनच सुटतो आणि मग तो आवरणं कठीण.

ड्रिफ्टर: हँकवर (शीड फॉरस्टेला अडकवणाऱ्या कड्यांवर) असेल तर हॅलयार्ड (शीड चढवायची दोरी) सोडायची, शीड डेकवर येतं. त्याहून सोपं काही नाही.

माझा स्वतःचा नियम: झोपलेल्याला उठवायला लावणारं शीड रात्री वर राहत नाही.

भरतीओहोटी
एकटाखलाशी, खूप आभार, हेच हवं होतं. लॉगबुक काढलं. आमचे मंद वाऱ्याचे तास तीन भागांत पडतात: सगळ्यात जास्त आडवा आणि जरा मागचा वारा, मग थेट मागचा, आणि वाऱ्यावर चढायचे थोडेच. वाऱ्यावर चढायचं असलं की आम्ही बहुधा वाट बघतो.

आता माझी खरी गाठ. ड्रिफ्टर हँकवर हवा म्हणता, पण माझ्या फॉरस्टेवर फर्लरची नळी आहे. हँक लावायचे कशाला? जिनोआ उतरवून ड्रिफ्टर त्याच खाचेत चढवायचा म्हटलं तर वारा वाढल्यावर पुढे परत जिनोआ चढवत बसायचं. ते नाही जमणार.

निळाई
बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. फर्लर असलेल्या बोटीला हँकवरचा ड्रिफ्टर जवळजवळ बाद. मग तो फॉरस्टेच्या पुढे मोकळा लावावा लागतो, स्वतःच्या पुढच्या कडेत दोर शिवून. मोकळ्या कडेला झोल पडतो, म्हणून ४० अंश विसरा, ५५ ते ६० धरा. तुमच्या लॉगबुकप्रमाणे तेवढं पुरतं.

पण मोकळं लावायचंच असेल तर क्षेत्रफळ २२ वर का थांबवायचं? तुमच्यासाठी मी २८ ते ३० चौरस मीटरचं, पाऊण औंस नायलॉनचं, मधला घेर साधारण ६० टक्क्यांचं शीड शिवेन. पुढच्या कडेत पीळ वाहून नेणारा दोर आणि खाली सततच्या दोरीचा फर्लर. आडवा वारा, मागचा तिरपा वारा, आणि काठी लावून थेट मागचा, असं सगळं त्यात येतं. गुंडाळता येतं कॉकपिटमधून. वाऱ्यावर चढण्यासाठी ते नाही. त्यासाठी कडा ताठ हवी, म्हणजे हॅलयार्डवर प्रचंड ताण, म्हणजे जाड कापड, महाग फर्लर आणि नाळेवर भक्कम लोखंड. २६ फुटी बोटीवर मी त्या वाटेला जाणार नाही.

गलबत
मी असिमेट्रिकवर अडून बसलो होतो, पण थेट मागच्या वाऱ्यात काठीवर उभं राहणारं आणि गुंडाळता येणारं शीड दोघांसाठी जास्त सोयीचं, हे मान्य. तरी दिवसाउजेडी, खरा वारा १४० वर, ४५ चौरस मीटर नायलॉन भरलेलं... ती मजा वेगळी.

तांडेल
लावणार कुठे ते बघितलंत का? शिडाचा पुढचा खालचा कोपरा नांगराच्या रोलरला बांधलेला पुष्कळ बोटींवर दिसतो. रोलर बनवलेला असतो साखळीचा खाली येणारा ताण घ्यायला. शीड त्याला वर आणि पुढे उचलतं. आधी वाकतं, मग उखडतं. छोटं बोस्प्रिट (नाळेच्या पुढे निघणारा दांडा) लावा आणि खालून नाळेवर पाण्याच्या जरा वर दोराने ओढून धरा. अर्धा मीटर पुढे गेलात तरी शीड पल्पिट (नाळेवरचा कठडा) आणि दिव्यापासून सुटतं, आणि जिनोआच्या गुंडाळीपासूनही.

वर हॅलयार्डचंही तसंच. पुली फॉरस्टेच्या वर आणि पुढे, मोकळी फिरणारी हवी. जिनोआची जादा हॅलयार्ड वापरलीत तर ती फॉरस्टेला घासून जाते.

शिडाचीदोरी
उशिरा आले. एक गोष्ट कोणी लिहिली नाही: शीट. जिनोआची १२ मिलिमीटरची शीट या शिडाला लावली तर ४ नॉट वाऱ्यात तीच मागचा कोपरा खाली ओढून धरते. ६ किंवा ७ मिलिमीटरची, पाणी न पिणारी दोरी घ्या. जोडायला शॅकल नको, बोलाइन गाठ मारा. शॅकलचं वजन लागतं आणि शीड फडफडलं तर डोक्यालाही लागतं. अगदी पडलेल्या वाऱ्यात माणसांनी वाऱ्याच्या उलट बाजूला बसायचं. बोट थोडी कलली की शीड स्वतःच्या वजनाने आकार घेतं आणि बुडाचा पाण्याला लागणारा भागही जरा कमी होतो. बूम (मेनसेलच्या तळाचा दांडा) प्रिव्हेंटरने, म्हणजे अडवणाऱ्या दोरीने, बांधून ठेवा, नाहीतर लाटेवर मेनसेल आपटत राहतं आणि पुढच्या शिडाची भरलेली हवा झटकून टाकतं. फारच आपटत असेल तर मेनसेल खाली घ्या आणि पुढचं एकटंच चालवा.

सुकाणू
शेवटचं वाक्य अधोरेखित. पाठवाऱ्यात मेनसेल मोठ्या शिडाचा वारा अडवतं. ते उतरवल्यावर बोटीचा वेग कधी कधी वाढतो, लोकांचा विश्वास बसत नाही. फक्त पुढचं शीड उतरवायची वेळ आली की सावली द्यायला मेनसेल नाही, हे लक्षात असू द्या. गुंडाळता येणाऱ्या शिडाला त्याने फारसं बिघडत नाही.

भरतीओहोटी
निर्णय जवळजवळ झाला. गुंडाळता येणारं मोकळं नायलॉन, २८ च्या आसपास, बोस्प्रिट अर्धा मीटर. ड्रिफ्टर सोडला तो माझ्या फर्लरमुळे. निळाईताई, माप कसं द्यायचं?

निळाई
हॅलयार्डला मोजपट्टी बांधून वरच्या पुलीपर्यंत चढवा आणि बोस्प्रिटच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या, कागदावरच्या आकड्यांवरून काढू नका. त्यातून वरचा स्विव्हल (फिरती कडी), खालचा फर्लर आणि ताण दिल्यावर दोर जेवढा लांबेल तेवढं वजा होणार. मागचा कोपरा रेलिंगच्या वर हवा आणि शीट कुठल्या पुलीतून जाणार ती जागाही मोजून द्या. बोट बंदरात, वारा शांत, डोलकाठी नेहमीच्या ताणावर असताना मोजा. काम झालं की शीड ताबडतोब खाली आणि पिशवीत. नायलॉनला ऊन सोसत नाही.

उनाडवारा
आणि आमचं काय? आमच्या २४ फुटीला फर्लर नाहीच, हँकवरचे जिब (पुढची साधी शिडं) आहेत. बोस्प्रिटही नाही.

निळाई
मग तुम्ही भरतीताईंचा पहिला विचार उचला. हँकवरचा नायलॉन ड्रिफ्टर, १५० ते १५५ टक्के, मागचा कोपरा उंच, म्हणजे काठीवर चालेल आणि पुढचं दिसेल. फॉरस्टे कडेला ताठ धरेल, बोस्प्रिट नको, फर्लर नको. हँक मात्र हलके, कापडी पट्टीचे लावून घ्या. पितळी हँकच्या वजनाने पुढची कडा लोंबते.